उंदीरखाऊंना मज्जाव

आमच्या गिरणीत मक्याचं पीठ हवेत तरंगतं. ते केसांत जातं, डब्यातल्या न्शिमावर, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीवर बसतं, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या घडीत लपून घरापर्यंत येतं, आणि सगळी यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क-स्विचच्या पोटातही गपचूप शिरतं. जुना स्विच असाच मेला. मी तो उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पिठाचा लगदा वाळून कडक झाला होता. त्या दिवशी वजनकाटा बंद, कॅमेरे बंद, ऑफिसातले संगणक बंद, आणि मक्याचे ट्रक फाटकापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत लागलेले. ड्रायव्हर लोकांनी ज्या शिव्या घातल्या त्यांतल्या निम्म्या मला नव्या होत्या, आणि मी किटवेत, खाणकामगारांच्या शहरात जन्मलेली बाई आहे.

तो स्विच बिनडोक होता. काटा, कॅमेरे, ऑफिस, सगळ्यांना त्याने एकाच खोलीत कोंबलं होतं. एकाने आरडाओरडा केला की बाकीच्यांचं काम थांबायचं. सांगावं तसं वागणारा, ज्याला आतून शिस्त लावता येते असा मॅनेज्ड स्विच घ्या, म्हणून मी सहा वर्षं अर्ज करत होते. सहा वर्षांत जे कुणाला पटलं नाही ते ट्रकांच्या रांगेचा फोटो बघून जोहान्सबर्गच्या मालकांना आठवड्याभरात पटलं.

स्विचबरोबर आणखी एक बातमी आली. नेटवर्क सुपरवायझरची एक कायम जागा निघणार. एकच. नव्या स्विचचं काम कसं होतं ते बघून मालकांचा तपासनीस ठरवणार होता, कुणाला द्यायची.

त्या जागेला उमेदवार दोनच. मी, आणि लॅक्सन शावा. आम्ही दोघंही सात वर्षं सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. दर सहा महिन्यांनी एचआरचे बा सिमुकोन्दा ('बा' आम्ही मान म्हणून लावतो) बोलावून घ्यायचे, नवा कागद पुढे सरकवायचे, आणि आम्ही उपकार झाल्यासारखी सही करायचो.

मला खुर्चीची हौस नव्हती. दारावरच्या पाटीची नव्हती. कायम माणसाला गिरणीच्या दवाखान्याचं कार्ड मिळतं, आणि ते घरच्यांना चालतं. माझी लूसे बारा वर्षांची आहे. तिला सिकल सेल आहे. आमच्याकडे थंडी जूनमध्ये पडते; ती पडली की तिची हाडं ठणकतात आणि मला ऐकू येऊ नये म्हणून ती उशी दातांत धरते. सरकारी इस्पितळाच्या बाकावर आम्ही मायलेकींनी किती सकाळी काढल्या ते मी मोजलेलं नाही. नंबर येईपर्यंत ती माझ्या मांडीवर वाकडी होऊन पडलेली असते आणि नर्स म्हणते, थांबा ना बाई, सगळेच आजारी आहेत. कार्ड असलं की सरळ आत. मला ते कार्ड हवं होतं.

आता लॅक्सनबद्दल. तो न्गोनी, मी बेम्बा. आमच्या पणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि फोडून फोडून दमल्यावर ठरवलं असावं की यापुढे फक्त तोंडाने लढायचं. तेव्हापासून बेम्बा आणि न्गोनी हे चिम्बुया, म्हणजे थट्टेची भावंडं. न्गोनी आम्हाला माकडखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना उंदीरखाऊ. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी न्गोनीने आडनाव विचारून माझ्या हातातला वडा उचलून खाल्ला, तरी मी रागवायचं नाही. उलट त्याच्या टोपीवर हक्क सांगायचा. रागावला तो हरला, असा साधा हिशेब.

रोज सकाळी फाटकातच लॅक्सन सुरुवात करायचा. मला तो बाना लूसे, म्हणजे लूसेची आई, म्हणायचा.

"काय गं बाना लूसे, आज डब्याबाहेर शेपूट लोंबतंय!"

"तुझ्या आजोबाचं आहे. ओळखलं नाहीस होय रे?"

"आजोबा माझे राजाच्या सैन्यात होते. तुमचे झाडावर होते."

"म्हणून तर वरून दिसले आम्हाला. बिळात डोकं घालून उंदीर हुसकत होते, सैन्य म्हणे!"

हमाल पाठीवरची पोती खाली ठेवून हसायचे. ऑफिसच्या प्रिंटरला लॅक्सनने चार वर्षांपूर्वी नाव दिलं होतं 'माकड-सूप'. कुणीही काही छापायला गेलं की पडद्यावर यायचं: माकड-सूप तयार आहे. पगारपत्रकं त्यावर छापली गेली, राजीनामे त्यावर छापले गेले, एका पाद्रीसाहेबांचं पत्रसुद्धा छापलं गेलं. मी म्हटलं, थांब लेका, माझीही पाळी येईल.

ती आली ऑगस्टमधल्या एका रविवारी. गिरणी बंद होती. वीज सकाळी सहालाच गेलेली, म्हणून जनरेटर लावून घेतला. चर्चची पहिली प्रार्थना उरकून मी आले, तर लॅक्सन आधीच येऊन केबल ओढत होता, आणि कागदात बांधून आणलेले विटुम्बुवा, म्हणजे तळलेले गोड गोळे, त्याने माझ्यासाठी ठेवले होते. दोन कमी होते. मोजून पाहिल्यावर म्हणाला, "उंदरांनी नेले."

कामाची वाटणी ठरलेलीच होती. केबल, भिंतीतली भोकं, अर्थिंगची तार, हे त्याचं. स्विचच्या आतलं डोकं माझं. लोखंडी कपाटाला मी आधीच रबराची पट्टी आणि धुता येणारा स्पंजचा फिल्टर बसवून घेतला होता, पिठाची खोड मोडायला. स्विच चार स्क्रूंवर बसवला, अर्थिंग घट्ट केलं, यूपीएस जोडला, आणि निळ्या चपट्या कन्सोल केबलने माझा लॅपटॉप त्याला लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. मला ती अक्षरं बघायला आवडतात. कोरी वही उघडल्यासारखं वाटतं.

आधी कारखान्याचा पासवर्ड बदलला. मग तीन वेगळ्या खोल्या पाडल्या. पहिल्या पोर्टवर वजनकाटा एकटा, त्याच्या खोलीत दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. पुढचे आठ पोर्ट कॅमेऱ्यांचे. मग ऑफिस. शेवटचा पोर्ट तिन्ही खोल्यांचा माल बाहेर नेणारा. आणि एक सगळ्यात महत्त्वाचं काम, केबलचा फास ओळखण्याचं. आमच्याकडे कुणीतरी शहाणा झाडूपोछा करताना लोंबकळणारी केबल बघतो आणि नीटनेटकं दिसावं म्हणून तिचं टोक मोकळ्या भोकात खुपसतो. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की तो स्वतःशीच ओरडत बसतो आणि सगळं कोलमडतं. मी ते पहारे लावले आणि मुद्दाम एक केबल तशी खुपसून बघितली. क्षणभरात स्विचने ते भोक आपणहून बंद केलं. दिवा केशरी झाला.

"अरे बघ, बघ!" मी ओरडले.

लॅक्सन शिडीवरून उतरला आणि कपाटासमोर न्गोनींचा युद्धनाच करायला लागला. हातात भाल्याच्या जागी केबल. पन्नाशीला टेकलेला माणूस, ढोपरं कटकट वाजतायत आणि हा जमीन हादरवतोय. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. तो दिवस चांगला होता, हे मला आजही नाकबूल करता येत नाही.

मग राहिली सूचना. अशा स्विचमध्ये शिरताना पासवर्डच्या आधी पडद्यावर एक मजकूर दिसतो. काय लिहायचं ते स्विच बसवणाऱ्याने ठरवायचं. सगळे लिहितात, परवानगीशिवाय प्रवेश करू नये. त्या स्विचमध्ये माझ्याखेरीज शिरणार होता एकटा लॅक्सन. मी लिहिलं:

'सावधान. इथून पुढे बेम्बांचं राज्य. उंदीरखाऊ न्गोनींना मज्जाव. आत यायचंच असेल तर हात धुऊन या आणि शेपट्या बाहेर ठेवा.'

सगळं सेव्ह केलं. सेव्ह न करता उठणाऱ्या माणसाचं काम पहिल्या लोडशेडिंगला धुऊन जातं, आणि मी तशी नाही. खात्री करायला वीज तोडली, यूपीएस काढला, स्विच पुन्हा चालू केला. तिन्ही खोल्या जागेवर, काटा जागेवर. मग लॅपटॉप लॅक्सनपुढे सरकवला. "शिर रे आत."

त्याने वाचलं. आधी मान खाली घातली, मग खांदे हलायला लागले, मग टेबलावर मूठ आपटून तो असा हसला की डोळे पुसायला शर्टाचं टोक घ्यावं लागलं.

"काढते आता," मी म्हटलं.

"खबरदार! मला उत्तर लिहू दे आधी. माकडीण, असं उत्तर लिहीन की तुझ्या सासरचे सुद्धा नाव बदलतील. राहू दे ते."

मी राहू दिलं.

मंगळवारी मुख्य ऑफिसला स्विचच्या रचनेची पूर्ण नक्कल पाठवायची होती. पाठवायच्या आधी मी विचारलं, "काय रे, लिहिलंस उत्तर?"

"सुचत नाही गं अजून. घाई काय आहे?"

तीनशे ओळींची नक्कल, तिच्यात ती सूचनाही. जोहान्सबर्गला कोण वाचत बसतंय, असं मला वाटलं. मी पाठवली. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पण आमच्या देशात चिम्बुयाच्या थट्टेला कुणी घाबरून कुलूप लावत नाही, म्हणून मला ती चूक वाटलीच नाही.

तपासनीस होफमेयर दोन आठवड्यांनी आले. उंच, वाळका, शांत माणूस. आल्या आल्या त्यांनी कपाट उघडून फिल्टर हाताने चाचपून बघितला, हे मला आवडलं. दुसऱ्या दिवशी बा सिमुकोन्दांच्या खोलीत मला आणि लॅक्सनला बोलावणं आलं. शिपाई म्हणाला, तुमच्या कागदात काहीतरी लिहिलेलं सापडलंय.

मला ती सूचना आठवली. बाहेरच्या बाकावर लॅक्सन आधीच बसला होता. त्याने टाय लावला होता. सात वर्षांत मी त्याला टायमध्ये लग्नाशिवाय बघितलं नव्हतं.

"हे काय, कुणाचं लग्न?"

"तुझं. एका म्हाताऱ्या वानराशी ठरवलंय." मग हळू आवाजात म्हणाला, "अगं तोंड कशाला पाडतेस? मी आहे ना. आत गेलो की सांगतो, साहेब, या बाईने मला सात वर्षं छळलंय, शिक्षा म्हणून हिला कायम करा."

मी हसले. देवाशपथ सांगते, माझी भीती तिथल्या तिथे गेली.

होफमेयरनी माझी नक्कल छापून आणली होती. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण.

"ही रचना कुणाची?"

"केबल शावांनी ओढल्या. आतलं सगळं माझं."

"आमच्या अकरा गिरण्या आहेत. इतकी नीट रचना मी एकाही ठिकाणी पाहिली नाही." त्यांनी पान मागे उलटलं. माझ्या डोळ्यांपुढे कार्ड आलं, त्यावरचा लूसेचा फोटोसुद्धा आला. "म्हणूनच मला ही सातवी ओळ समजत नाही."

आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. थट्टा परक्याच्या तोंडून वाचली की ती कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. माझे मलाच ते शब्द ओंगळ वाटले.

"एका जमातीच्या लोकांना मज्जाव," होफमेयर म्हणाले. "बाई, मी ज्या देशातून येतो तिथे अशा पाट्या खरोखरच्या होत्या. बाकांवर, दारांवर. मी लहान असताना पाहिल्यात. माझ्या कंपनीच्या यंत्रावर मी तशी पाटी चालवून घेऊ शकत नाही."

त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी त्यांना चिम्बुया समजावून सांगितला. पणज्यांची लढाई, माकडं, उंदीर, बसमधला वडा, सगळं. सांगता सांगता मला घाम फुटला, कारण थट्टा समजावून सांगायला लागली की ती थट्टा राहत नाही. ते मात्र नीट ऐकत होते.

"असा रिवाज खरंच आहे?" त्यांनी बा सिमुकोन्दांना विचारलं.

बा सिमुकोन्दा हातातल्या फायलीची कड बोटाने सरळ करत राहिले. "आहे, सर. म्हणजे गावाकडे असतो. कामाच्या ठिकाणी नियम तो नियम."

"मग हे एकच माणूस सांगू शकतो," होफमेयर म्हणाले. "मिस्टर शावा. हे तुम्हाला उद्देशून होतं. तुम्हाला ही थट्टा वाटली का? तुम्ही हो म्हणालात, तर मी ही ओळ खोडतो आणि विषय संपला."

एक 'हो'. एवढंच हवं होतं. मी लॅक्सनकडे बघितलं, तो आता कुठली मजा करतोय याची वाट बघत. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

"सर, आपण विचारलंत म्हणून सांगतो," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "आमच्यात हसायची रीत आहे, हे खरं. मीही हसतो. पण चारचौघांत हसतो म्हणजे माणसाला आतून काही लागत नाही, असं नसतं. सात वर्षं झाली, सर. रोज. घरी गेल्यावर कधी कधी..." आणि तो थांबला. वाक्य अर्धं सोडायचं कुठे, हे त्याला बरोबर कळलं.

"लॅक्सन?" मी म्हटलं. "काय बोलतोयस तू हे, उंदीर—"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. सात वर्षांची सवय. होफमेयरनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला काहीतरी टिपलं.

मग माझं डोकं फिरलं. "प्रिंटर बघा, साहेब! याने स्वतः ऑफिसच्या प्रिंटरचं नाव माकड-सूप ठेवलंय. चार वर्षं आहे. मी कुठे रडत आले? आत्ता बघा!"

बा सिमुकोन्दांनी लॅपटॉप फिरवून होफमेयरना दाखवला. मलाही दिसला. प्रिंटरचं नाव होतं 'ऑफिस-१'.

मी लॅक्सनकडे बघितलं. तो टायची गाठ सारखी करत होता. म्हणजे बाकावर बसून मला हसवलं, त्याच्या आधीच हा जाऊन नाव बदलून आला होता. ती वेळेवर सुचलेली दगाबाजी नव्हती. केसाने गळा कापायची तयारी करून, टाय लावून आला होता तो.

"बा सिमुकोन्दा," मी म्हटलं, "तुम्ही तरी सांगा. माझी गेली आठ कंत्राटं तुम्ही कशावर छापलीत? छापताना पडद्यावर काय यायचं? तुम्ही तर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचात."

बा सिमुकोन्दांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रिंटरच्या नावाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही," ते म्हणाले.

ते नामवांगा जमातीचे. त्यांचं ना बेम्बांशी वाकडं, ना न्गोनींशी. पण तपासनिसासमोर आपण चार वर्षं माकड-सूपवर हसत होतो, हे ते कबूल कसं करणार? त्यांनाही स्वतःची खुर्ची होतीच की.

माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ते पुढे वाढवायचं नाही, असं ठरलं. होफमेयर म्हणाले की काम उत्तम होतं, तसं ते पत्रात लिहून देतील. दिलंही. माझ्या कामाची इतकी स्तुती त्याआधी कुणी लेखी केली नव्हती. ते पत्र मी इस्पितळाच्या नर्सला दाखवू का, की बाई, माझी मुलगी जरा आधी घ्या?

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. मी घरी लूसेला एवढंच सांगितलं की गिरणीतलं काम संपलं. ती म्हणाली, "मग कार्ड?" मी म्हटलं, "बघू." तिने पुढे विचारलं नाही. ती शहाणी आहे, आणि बारा वर्षांच्या पोरीला इतकं शहाणं व्हावं लागू नये.

शेवटच्या शुक्रवारी सगळं लॅक्सनच्या स्वाधीन करायचं होतं. सकाळी मी एकटी कपाटासमोर बसले आणि शेवटचं आत शिरले. माझी सूचना अजून तशीच होती. दोन आठवडे त्याने ती पुसली नव्हती. दया म्हणून नव्हे, त्याला पुसता येत नव्हती. स्विचच्या आतलं त्याला कधीच जमलं नाही.

खरं सांगते, एक ओळ लिहायचाच अवकाश होता. सगळी रचना पुसायला एकच ओळ लागते. मग वीज जाऊन आली की तिन्ही खोल्यांच्या भिंती गायब, काटा बंद, ट्रक मोठ्या रस्त्यापर्यंत, आणि नवीन सुपरवायझरसाहेब टाय लावून शिडीवर. माझी बोटं कीबोर्डवर होती. मी तो नजारा मनात पुरता बघून घेतला, अगदी ड्रायव्हरांच्या शिव्यांसकट. पण उन्हात उभे राहणार होते ते ड्रायव्हर, आणि त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. शिवाय ते काम माझं होतं. त्या गिरणीत माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मी फक्त सातवी ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं, परवानगीशिवाय प्रवेश करू नये. आणि सेव्ह केलं.

दहाच्या चहाला बाहेर आले तर अंगणात हमाल पोत्यांवर बसून चहा पीत होते. लॅक्सन माझीच वाट बघत उभा होता. मला बघितल्याबरोबर तो तोंड भरून ओरडला, "आली बघा माकडखाऊ! झडती घ्या रे हिची, गिरणीतली केळी चोरून नेत असेल!"

हमाल हसले. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. माझं उत्तर ऐकायला त्यांनी कप खाली केले.

मी काही बोलले नाही. तो जवळ आला. "अगं, ऐकू आलं नाही का? की शेपूट दारात अडकलं?" हमाल पुन्हा हसले, पण जरा कमी. मी तशीच उभी राहिले. तेव्हा तो अगदी जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलायला लागला.

"बाना लूसे, माझी चार पोरं आहेत. भावाची तीन माझ्याकडे. जागा तुझी होती, मला माहितेय. पण मी पन्नाशीला आलो, मला कोण कायम करणार होतं? तू हुशार आहेस, तुला कुठेही काम मिळेल. मला हे सोडून काही येत नाही."

मी त्याच्याकडे बघत होते. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"शिवी दे," तो म्हणाला. "हवी तेवढी दे. माझ्या आईला दे, बापाला दे, सगळ्यांसमोर दे. उंदीरखाऊ म्हण एकदा. म्हण ना गं."

मी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, गुडघा किंचित वाकवून, मोठ्या माणसाला देतात तसा.

"बा शावा," मी म्हटलं, "हा नवा पासवर्ड. जपून ठेवा. पोर्टांचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. फिल्टर दर महिन्याला धुऊन घ्यावा. आपण इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे."

 हमालांत एक म्हातारा बेम्बा होता, बा मुटोन्डो. त्याने कप पोत्यावर ठेवला, उठून उभा राहिला आणि लॅक्सनकडे बघत राहिला. लॅक्सनने कागद घेतला नाही. तो खाली पडला. मी वाकून उचलला, पिठाची धूळ झटकली, आणि पुन्हा त्याच्या हातात नीट ठेवला.

"असं नको करूस," तो म्हणाला. "बाना लूसे, असं नको ना."

"येते मी, बा शावा. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा."

फाटकापर्यंत मला त्याची हाक ऐकू येत होती. माकडखाऊ, माकडखाऊ. न्गोनीच्या मयताला गेलो तर आम्ही बेम्बा माणसं प्रेतालासुद्धा शिव्या घालतो. ऊठ रे आळशा, उंदीर थंड होतायत, असं कानाशी ओरडतो. मेलेल्या चिम्बुयाचा तेवढा मान राखावाच लागतो. लॅक्सनचा मी तेवढाही राखला नाही.